देवाच्या वेळेवर विश्वास ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही विचारलंय, "तीन वर्षांत दोन चांगल्या नोकऱ्या अगदी शेवटच्या टप्प्यावर हुकल्या. बरोबरचे पुढे गेले. घरचे म्हणतात देवाच्या वेळेवर विश्वास ठेव. तो ठेवायचा कसा?"

आधीच सांगतो, 'देवाने तुझ्यासाठी याहून चांगलं राखून ठेवलंय' हे वाक्य मला आजही ऐकवत नाही. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्याला ते कुठून कळलं?

एका पदाच्या प्रतीक्षा यादीत माझं नाव दुसरं होतं. पहिल्याला बोलावणं आलं आणि आता माझाच नंबर, असं मी धरून चाललो. जवळजवळ वर्षभर सकाळी डोळे उघडले की आधी फोन. तेच पान, तीच यादी, तोच क्रमांक. एके दिवशी पान उघडलं तर यादीच नव्हती. मुदत संपली होती, झालं. त्यानंतर बरेच महिने मी देवासमोर नुसता उभा राहायचो. हात जोडलेले, पण मागायला तोंडच उघडायचं नाही.

पुढे वडील अंथरुणाला खिळले. मी घरीच होतो, त्यामुळे शेवटपर्यंत त्यांचं सगळं मला करता आलं. नातेवाईक म्हणाले, "बघ, ती नोकरी लागली असती तर यांच्याजवळ कोण असतं?" मी मान डोलावतो, पण मनाला पटत नाही. मला वडिलांपाशी ठेवायला देवाने नोकरी अडवली म्हणावं, तर यादीत माझ्या वर असलेल्या माणसाच्या वडिलांचं काय? ते देवाचे कोणीच नव्हते? वडिलांजवळ राहायला मिळालं याबद्दल मी कृतज्ञ आहे. नोकरी गेली याचं वाईटही वाटतं. दोन्ही खरं आहे, आणि एकातून दुसरं वजा करायची मला गरज वाटत नाही.

मला आधार वाटला तो बायबलमधल्या योसेफच्या गोष्टीचा. भावांनी त्याला विकलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता आणि इजिप्तच्या राजासमोर, म्हणजे फारोसमोर, उभा राहिला तेव्हा ३०. मधली काही वर्षं तुरुंगात गेली. गोष्ट सांगणारे तुरुंगातून थेट राजवाड्यात उडी मारतात. मी अडकतो तो मधल्या एका वाक्यावर. तुरुंगात त्याने राजाच्या प्यालेबरदाराला, म्हणजे राजाला पेय देणाऱ्या सेवकाला, स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि विनवलं की सुटलास की माझं नाव राजाच्या कानावर घाल. तो तीन दिवसांत सुटला, आणि विसरला. पूर्ण दोन वर्षं! फारोला स्वप्न पडलं तेव्हा कुठे त्या सेवकाला आठवण झाली आणि योसेफला बोलावणं गेलं. पहिल्या आठवड्यात दार वाजलं की योसेफ उठून बसत असेल. दुसऱ्या महिन्यात? आपल्याला शेवट माहीत असतो म्हणून ती दोन वर्षं 'देवाची वेळ' वाटतात. त्याला ती फक्त विसरला गेल्याची वर्षं होती. तरी तो तिथली कामं बघतच असणार, कारण तुरुंगाच्या अधिकाऱ्याने कैद्यांचा कारभार आधीच त्याच्या हाती दिलेला होता.

माझ्या लेखी विश्वास एवढाच. पुढे काय मिळणार ते माहीत नसताना आज समोर आलेलं काम नीट करणं.

मात्र प्रत्येक उशीर देवाच्या माथी मारू नका. मी एकदा अर्जाची तारीख निव्वळ आळसाने चुकवली आणि 'योग नव्हता' म्हणून मोकळा झालो. योग कसला, अर्ज भरलाच नव्हता. तुमच्या त्या दोन मुलाखतींत नेमकं काय कमी पडलं हे कुणाला विचारता येत असेल तर विचारा. उत्तर कडू असलं तरी चालेल.

आणि राग आला तर तो दाबू नका. भक्ताने तक्रार करू नये, हे कुणी ठरवलं कोण जाणे. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं १३वं स्तोत्र सुरूच होतं 'किती काळ?' या प्रश्नाने, आणि दोन ओव्यांत तो चार वेळा येतो. आपली जनाबाई तर विठ्ठलाला सरळ शिव्या घालते. तोंड फिरवून बसण्यापेक्षा हे बरं. माझं उलट झालं. मी रुसून गप्प बसलो आणि तेच महिने मला सगळ्यात जड गेले.

पुंडलिकाची कथा तुम्हाला माहीतच असेल. देव दारात आला, तेव्हा हा आईवडिलांच्या सेवेत होता. त्याने वीट भिरकावली आणि सांगितलं, थांब. देव थांबला. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट. पण ताटकळत कोण उभं आहे, हे माझ्या लक्षात वडिलांची कूस बदलताना आलं. त्या रात्री देवाशी मी पुन्हा बोललो. फार काही नाही, 'आहेस ना?' एवढंच.

त्या यादीचा स्क्रीनशॉट अजून माझ्या फोनमध्ये आहे. काढून टाकावासा वाटलेला नाही.