नाकातली काडी, खांद्यावरचं दप्तर

गेल्या अंकात मी घरी करायच्या विषाणू-चाचण्यांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, शाळकरी मुलांच्या आईवडिलांची पत्रं थांबेचनात. त्यातली काही इथे घेते. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. विषाणूंच्या प्रयोगशाळेत उभं आयुष्य नमुने तपासण्यात गेलं. त्यामुळे पट्टीवरच्या रेघेबद्दल मी छातीठोकपणे बोलेन. औषधाचं मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : ताई, माझी मुलगी ११ वर्षांची. सोमवारी सकाळी तिचा घसा दुखत होता, अंगही जरा कोमट होतं. घरीच कोविडची चाचणी केली. एकच रेघ आली, म्हणजे निगेटिव्ह, म्हणून तापाचं औषध देऊन शाळेत पाठवलं. बुधवारी पुन्हा केली तर दुसरी रेघ ठसठशीत! तोवर तिच्या बाकावरची मैत्रीणही आजारी पडली. आता तिची आई माझ्याशी बोलत नाही. किट खराब होतं का?

उत्तर : किट बहुधा ठणठणीत होतं. तुम्ही त्याला विचारलं एक आणि त्याने उत्तर दिलं दुसऱ्याच प्रश्नाचं.

पट्टीवर नेमकं काय होतं ते एकदा समजून घ्या. तुम्ही थेंब टाकता, तो ओलावा पट्टीवरून पुढे सरकतो. वाटेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, असतात (हो, खरंच सोनं, पण इतके बारीक कण लालसर दिसतात). नमुन्यात विषाणूचं प्रथिन असेल तर ही प्रतिपिंडं त्याला धरतात आणि सगळी वरात पुढे निघते. ‘टी’ अक्षराजवळ पट्टीला घट्ट बसवलेली दुसरी प्रतिपिंडं असतात. ती या वरातीला अडवतात. तिथे पुरेसे कण साचले की डोळ्याला रेघ दिसते. ‘पुरेसे’ हा शब्द लक्षात ठेवा. प्रयोगशाळेतली पीसीआर चाचणी विषाणूचा अंश सापडला की त्याच्या प्रती दुपटीने वाढवत नेते, पुन्हा पुन्हा, साधारण ४० फेऱ्यांपर्यंत. तुमच्या पट्टीकडे वाढवण्याची सोय नाही. काडीवर जेवढं आलं तेवढंच तिचं भांडवल.

म्हणजे पट्टी सांगते ती एकच गोष्ट : या घटकेला, या नाकात, विषाणू भरपूर आहे का. लागण झालीय का, हे ती एका फटक्यात सांगत नाही. उद्या काय होईल, हे तर अजिबातच नाही. त्यातून ज्यांना आधी आजार होऊन गेलाय किंवा लस मिळालीय, त्यांचं शरीर विषाणूला लवकर ओळखतं. घसा पहिल्या दिवशीच दुखायला लागतो, नाकातला विषाणू मात्र दोन-तीन दिवसांनी कळसाला पोचतो. सोमवारची तुमची चाचणी या मधल्या खिडकीत सापडली.

म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२२मध्ये सांगितलं, की लक्षणं असतील तर ४८ तासांच्या अंतराने किमान २ चाचण्या करा आणि लक्षणं नसताना संपर्क आला असेल तर तशाच अंतराने किमान ३. पहिली निगेटिव्ह आली की उरलेलं किट कपाटात ठेवून देण्याची आपली जी सवय आहे, ती मोडायला हवी. तुम्ही बुधवारी पुन्हा चाचणी केलीत, ते अगदी बरोबर केलंत.

चूक झाली ती तापाच्या औषधाची, आणि ती मी पोटात घालणार नाही. औषधाने ताप झाकला जातो, नाकातला विषाणू नाही. सकाळी आठला डोस, दुपारी एकला अंग पुन्हा तापतं, तेव्हा मूल वर्गात असतं. औषध न देता सलग २४ तास ताप नसेल आणि बाकी लक्षणंही उताराला लागली असतील, तरच दप्तर भरायचं. मग पट्टीवर एक रेघ असो की दोन.

आता मैत्रिणीचं. कोविडच्या अलीकडच्या प्रकारांत लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी ३ दिवसांच्या आसपास लागतात. सोमवारी लागण आणि बुधवारी आजार, हे होऊ शकतं, पण दोघींना एकाच तिसऱ्या मुलाकडून मिळालं असण्याची शक्यताही तितकीच आहे. हे तिच्या आईला पटवत बसू नका. फोन करा, ‘औषध देऊन पाठवायला नको होतं’ एवढं म्हणा.

आणि स्वतःला फार बोल लावू नका. ज्या बाईने अशा पट्ट्या मोजता येणार नाहीत इतक्या वाचल्या, तिनेही हेच केलंय. नाक गळत असताना एक चाचणी केली, निगेटिव्ह आली आणि मी खुशाल ८१ वर्षांच्या आईकडे जाऊन दोन तास गप्पा मारत बसले. तिसऱ्या दिवशी माझी रेघ उमटली, पाचव्या दिवशी आईला ताप. ती बरी झाली. मला मात्र अजून ऐकवते, ‘तुझी ती काडी!’

प्रश्न : दुसरी रेघ इतकी फिकट आहे की नवरा म्हणतो ‘आहे’, सासूबाई म्हणतात ‘नाही’. आम्ही मुलाला धरून खिडकीशी उभे आहोत. कोणाचं ऐकू?

उत्तर : नवऱ्याचं. ठरलेल्या वेळात दिसलेली फिकट रेघ ही रेघच. फिकी म्हणजे ‘थोडासा पॉझिटिव्ह’ असं काही नसतं.

फक्त वेळ तपासा. किटच्या कागदावर वाचायची वेळ दिलेली असते, बऱ्याच किटांवर १५ मिनिटं. त्याआधी निकाल लावू नका आणि कागदावरची कमाल मर्यादा उलटून गेल्यावरही नको. पट्टी वाळताना करडी, रंगहीन सावली उमटू शकते. कचऱ्यातून पट्टी काढून रात्री पुन्हा बघणारे लोक मला माहीत आहेत, त्यांनी ते थांबवावं. आणि ‘सी’ची रेघच (पट्टी नीट चालली हे दाखवणारी) आली नसेल तर चाचणी बाद. मग ‘टी’वर काय दिसतंय, ते बघायचंसुद्धा नाही.

प्रश्न : माझा ६ वर्षांचा मुलगा काडी दिसली की पलंगाखाली शिरतो. मागच्या वेळी तिघांनी धरून नमुना घेतला, नाकातून रक्त आलं. तोंडातून घेतला तर चालेल का?

उत्तर : किट नाकाचं असेल तर नाकातूनच. तोंडातला नमुना त्या किटवर कोणी पारखलेला नसतो. पण तिघांनी धरायचं काम नाही.

त्याला आधी कोणीतरी सांगायला हवं की ही काडी मेंदूपर्यंत जात नाही. मुलांना खरोखर तसं वाटतं. कुठेतरी ती लांबलचक काडी मागे घशापर्यंत घालतानाचं चित्र पाहिलेलं असतं. घरच्या बहुतेक किटांची काडी जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर आत जाते. नखापासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत, तेवढीच. तेही वर, डोळ्यांच्या दिशेने नाही. सरळ मागे, कानाच्या दिशेने.

माझ्या भाचीच्या मुलाचा नमुना मीच घेते. तोही सहाचाच होता तेव्हा पहिल्यांदा घेतला. आधी त्याला एक काडी दिली (जुन्या, मुदत संपलेल्या किटमधली) आणि म्हटलं, अस्वलाची चाचणी कर. त्याने अस्वलाचं नाक इतकं घासलं की शिवण उसवली. मग म्हणाला, ‘आता तुझी.’ मी डोकं मागे टेकवून बसले आणि त्याने माझ्या नाकात काडी फिरवली. अगदी हलक्या हाताने, जीभ बाहेर काढून. तेव्हा मला कळलं की मुलाला काडीपेक्षा मोठ्यांच्या हाताचा वेग जास्त घाबरवतो. त्याची पाळी आली तेव्हा तो भिंतीला पाठ टेकून बसला, आकडे त्याने मोजले. नाकपुडीच्या आतल्या भिंतीला काडी टेकवून सावकाश चार-पाच वेळा गोल, साधारण १५ सेकंद. मग तीच काडी दुसऱ्या नाकपुडीत. सातला तो शिंकला, आम्ही पुन्हा एकपासून मोजलं.

आधी नाक शिंकरून घ्या, म्हणजे काडीवर नुसता शेंबूड येणार नाही. नुकतंच रक्त आलं असेल तर एक दिवस थांबा. आणि काडी फक्त आत घालून बाहेर काढली तर भिंतीवरचं काहीच येत नाही. धरून-बांधून घेतलेला नमुना बहुतेक वेळा असलाच असतो. रडारड होऊनही निकाल कुचकामी, यापेक्षा अर्धा तास थांबून पुन्हा बसलेलं परवडलं. बहुतेक किटं २ वर्षांखालच्या बाळांसाठी नाहीत, धाकटं भावंड असेल तर कागद वाचा.

प्रश्न : नातवंडं माझ्याजवळ असतात. रोज सकाळी शाळेआधी दोघांची चाचणी करावी, असा माझा बेत आहे. सूनबाई हसते. – एक आजोबा

उत्तर : आजोबा, काळजी कळते, पण या वेळी सूनबाईंच्या बाजूने. एक हिशोब करू. समजा १,००० खणखणीत दिसणारी मुलं आहेत आणि त्यांत ५ जणांना नकळत लागण झालीय. चाचणी चांगली आहे, १०० निरोगी मुलांत एकालाच उगाच पॉझिटिव्ह ठरवते. तरी ९९५ निरोगी मुलांत अशी १० निघतील. लागण झालेल्या ५मधली समजा ३ सापडली. म्हणजे १३ मुलं घरी बसली आणि त्यातली १० विनाकारण. तीच चाचणी घरात कोणी आजारी असताना, खोकणाऱ्या मुलावर केली तर तिच्या पॉझिटिव्हला वजन येतं.

तेव्हा किट राखून ठेवा : लक्षणं दिसली, घरात कोणी पॉझिटिव्ह आलं किंवा तुम्हाला दम्याचा, हृदयाचा त्रास असून मुलं तुमच्याकडे राहायला येणार असतील तेव्हासाठी. रोज सकाळी बघायचंच असेल तर मुलाच्या तोंडाकडे बघा. खेळतंय का, नेहमीसारखं भांडतंय का.

प्रश्न : मुलगा आठवीत. परीक्षेच्या दिवशी पट्टी पॉझिटिव्ह! मूल टुणटुणीत. दुपारी मी समोर बसून केली तर निगेटिव्ह. हे कसं?

उत्तर : स्वयंपाकघरात एखादं आंबट पेय कमी झालंय का बघा!

मी चेष्टा करत नाही. २०२१मध्ये ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांनी ही युक्ती इतकी वापरली की शास्त्रज्ञांना तिच्यावर लिहावं लागलं. फळांचा रस किंवा शीतपेय थेट पट्टीवर टाकलं की आम्लामुळे प्रतिपिंडांचा आकार बिघडतो आणि ती विषाणू नसतानाही एकमेकांना चिकटतात. किटमधल्या द्रावणाचं एक काम हेच, आम्लता सांभाळणं. ते गाळलं की खोटी रेघ. रसायनशास्त्राचा एवढा सुंदर प्रयोग त्याने परीक्षेच्या दिवशीच करावा, हे दुर्दैव.

पण आरोप ठेवण्याआधी एक लक्षात घ्या : सकाळची खरी आणि दुपारची काडी नीट न फिरलेली, असंही होतं. परवा समोर बसून पुन्हा करा. तोवर आजीआजोबांपासून लांब.

प्रश्न : मुलगी बरी होऊन १२ दिवस झाले. घरची पट्टी निगेटिव्ह, पण पीसीआर अजून पॉझिटिव्ह. शाळेला काय सांगू?

उत्तर : पीसीआर विषाणूचे मेलेले तुकडेही टिपते, आठवडेच्या आठवडे. त्यावरून मुलीला घरी ठेवू नका. पट्टी निगेटिव्ह, ताप नाही, मुलगी खेळतेय, तिला पाठवा. शाळेचा स्वतःचा लेखी नियम असेल तर तो मात्र पाळावा लागेल, मी त्यात काही करू शकत नाही.

प्रश्न : कोविड आणि फ्लू दोन्ही दाखवणारं किट आणलं. फ्लूची रेघ नाही. म्हणजे फ्लू नाही ना?

उत्तर : असं म्हणता येणार नाही. फ्लूच्या झटपट पट्ट्या दर १०० रुग्णांमागे साधारण ५० ते ७० जणांनाच पकडतात. रेघ आली तर विश्वास ठेवा, नाही आली तर मुलाकडे बघून ठरवा. अचानक चढलेला ताप, अंगदुखी आणि दमा किंवा मधुमेहासारखा जुना आजार असेल तर लगेच डॉक्टरांना फोन करा, कारण फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. आणि विषाणूच्या तापात मुलांना ॲस्पिरिन स्वतःहून देऊ नका. त्याने क्वचित का होईना, यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होते.

श्वास भराभर चालणं, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं, ओठ निळसर होणं, हाक मारूनही गुंगीत राहणं, आठ तास लघवी नाही. यातलं काहीही दिसलं तर चाचणी करत बसू नका, दवाखाना गाठा.

प्रश्न : धाकटीने किटमधली छोटी बाटली डोळ्यांचे थेंब समजून डोळ्यात घातली! पाण्याने धुतलं. डोळा थोडा लाल आहे.

उत्तर : धुतलंत ते उत्तम. पुढच्या वेळी वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं धुवा. लाली उतरत नसेल, दुखत असेल किंवा अंधुक दिसत असेल, तर आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि बाटली सोबत न्या, म्हणजे आत काय होतं ते त्यांना कळेल. मोठी माणसंही अगदी हीच चूक करतात, बाटल्या दिसतातच सारख्या. काही द्रावणांत ती टिकावीत म्हणून सोडियम अझाइड नावाचं विषारी रसायन घातलेलं असतं, ते पोटात जाणंही बरं नाही. औषधांच्या डब्यातून किट आजच बाहेर काढा आणि वरच्या फळीवर वेगळं ठेवा, उन्हापासून दूर. बहुतेकांवर २ ते ३० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं.