बाकावरचा बाप

सोलापूर

चिरंजीव,

इंग्लंडातून फोनवर तू विचारलंस, "सर, आई म्हणते बाप्यानं बाळंतिणीच्या खोलीत जायचं नसतं. इथली नर्स विचारते, तुम्ही येणार ना? काय करू?" तेव्हा मी गुळमुळीत बोललो. म्हणून हे पत्र.

आधी आईवर चिडू नकोस. आपले आजे-पणजे मागाच्या कामासाठी तेलंगणातून सोलापुरात आले, पण लेकी बाळंतपणाला माघारी तिकडंच जायच्या. माझी बायकोही 1979 साली पहिलटकरीण म्हणून करीमनगरकडं माहेरी गेली. मला तार आली, मी शाळेत पेढे वाटले आणि लेकीचं तोंड पाहिलं ते सव्वा महिन्यानं. कुणालाच काही खटकलं नाही. तिला मी विचारलं होतं, माझी आठवण आली का? म्हणाली, "आई उशाशी, आत्या पायाशी, सुईण कमरेला तेल लावतेय. तुम्ही कुठले आठवताय!"

दुसऱ्या खेपेला सासूबाई हयात नव्हत्या. बाळंतपण इथंच, पूर्व भागातल्या एका दवाखान्यात. माझी आई अंथरुणाला खिळलेली, बहिणी आपापल्या संसारात. मी बाहेर बाकावर बसून राहिलो. आत ती रात्रभर खाटेची लोखंडी दांडी धरून होती. हे तिनं मला वीस वर्षांनी सांगितलं, तेही मेथी निवडता निवडता. आत जाऊ का, असं मी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

पुरुषानं बाहेर थांबायचं, हा रिवाज आत चार बायका आहेत या हिशेबावर चालायचा. इंग्लंडात तुझ्या बायकोजवळ त्या चार बायका नाहीत. रिवाजातलं 'बाहेर थांब' तेवढं तुझ्यासोबत विमानात बसून आलं.

आणखी एक. कळा सुरू झाल्या की शिकलेली इंग्रजी गळून पडते. माझ्या बायकोनं त्या रात्री तेलुगूत "नीळ्ळु, नीळ्ळु" म्हणून पाणी मागितलं, आणि सोलापूरची नर्स असल्यानं मराठी असूनही तिला कळलं. तिथं कुणाला कळणार? तूच कळवायचं.

रजेचा अर्ज वेळेत दे. तिकडं बापाला कायद्यानं दोन आठवडे मिळतात. आपल्याकडं केंद्र सरकारच्या नोकरदाराला 15 दिवस, खाजगीत मालकाची मर्जी. यंत्रमागावरच्या पोराचा तर दिवस बुडला की मजुरी बुडाली. आत जावं की नको, हा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

पण हे सगळं वाचून लगेच उड्या मारू नकोस. आधी बायकोला विचार, आणि आई समोर नसताना विचार. काहींना नवऱ्यासमोर अवघडल्यासारखं होतं. ती नको म्हणाली तर तिची एखादी मैत्रीण आत बसू दे, आणि तू दारात थांब. मोबाईल मात्र खिशात ठेव. व्हिडिओ काढायला तुला बोलावलेलं नाही.

आईचं माझ्यावर सोपव. गुडघ्यांमुळं तिला येता येत नाही, खरा सल तो आहे. बाकीचं ती सासूकडून ऐकलेलं बोलते. रविवारी मी तुमच्या घरी जातो. पाचवी तिनंच पुजायची, तिकडं तुम्ही फोन समोर धरायचा, असं तिला सांगणार आहे. पूजेला काय काय लागतं ते तिच्याकडूनच लिहून घे. तिला विचारलेलं आवडेल.

तुझा,
सर