युवारंगमध्ये ‘व्हेअरएव्हर यू विल गो’ गावं का?

भाऊ, युवारंगच्या, म्हणजे जळगावच्या विद्यापीठाच्या युवक महोत्सवाच्या, पाश्चात्त्य गायनासाठी तुम्ही ‘द कॉलिंग’ या अमेरिकन बँडचं हे गाणं धरलंय आणि मित्र म्हणतायत की ब्रेकअपचं गाणं आहे, जुनं झालं, सोडून दे. माझं मत विचारलंत तर नक्की गा. फक्त ब्रेकअपचं समजून गाऊ नका.

हे गाणं मागे राहिलेल्या माणसाचं आहे. बँडचा गिटारवादक ॲरन केमिन याच्या नात्यातली एक वृद्ध बाई वारली आणि आयुष्यभर तिच्यासोबत संसार केलेला तिचा नवरा एकटा पडला. त्यावरून ते सुचलं. केमिन आणि गायक ॲलेक्स बँड (बँड हे त्याचं आडनावच) या दोघांनी मिळून लिहिलं. 2001 मध्ये ‘कॅमिनो पाल्मेरो’ या त्यांच्या पहिल्याच अल्बममधून ते आलं आणि बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-मासिकाच्या ॲडल्ट टॉप 40 यादीत 23 आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. ॲलेक्स तेव्हा जेमतेम विशीचा, पण आवाज असा भरदार की चाळिशीचा माणूस गातोय असं वाटावं.

आपल्या खान्देशात हा भाव कुणाला समजावून सांगायला लागत नाही. तिशीत वैधव्य आलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या ओव्यांत तो आहेच. आमच्या घरीही पाहिलाय. आजी गेल्यानंतर आजोबा सावद्याच्या बाजारातून तिच्या मिसरीची पुडी आणत राहिले. फडताळातल्या तिच्या डबीशेजारी ठेवून द्यायचे. घरात कुणी त्यांना टोकलं नाही. गाताना असं एखादं माणूस तुमच्या डोळ्यांसमोर असू द्या, म्हणजे आवाजात मुद्दाम कंप आणावा लागणार नाही.

आता गिटारचं. डी, ए, बी मायनर आणि जी या चार कॉर्ड्सवर बहुतेक गाणं निघतं. बी मायनरचा बार (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबणं) बसत नसेल तर सातव्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून जी, डी, ई मायनर, सी वाजवा, पट्टी तीच राहते. सुरुवातीला स्ट्रमिंग नको, एकेक तार छेडा. कडवं खालच्या सुरात आहे, तिथे बहुतेक पोरं आवाज दाबून जाड करतात आणि शब्द घशातच राहतात. खालचा सूर लागत नसेल तर सरळ दोन सूर वर चढवा, पण मग ध्रुवपद झेपतंय का ते आधी पाहा, कारण ते बरंच वर जातं. तिथे मोकळं गा, ओरडू नका. आपल्याकडे टाळ्यांसाठी नेमकं तिथेच ओरडतात आणि गाण्याची माती होते.

शार्लीन सोराइया या ब्रिटिश गायिकेनं 2011 मध्ये हेच गाणं अगदी संथ, हळुवार गायलंय, ते जरूर ऐका. ब्रिटनमध्ये तेही मूळ गाण्यासारखंच तिसऱ्या नंबरपर्यंत पोहोचलं. ड्रम्स नसले तरी गाणं उभं राहतं हे त्यात कळेल. तुम्ही एकटेच गिटार घेऊन जाणार असाल तर मूळ रेकॉर्डपेक्षा तीच लय धरा.