कलिंगडाच्या सालीचं ग्लिको आणि आपली चुन्याची निवळी

प्रिय रेवा,

तुझ्या अल्बेनियन मैत्रिणीच्या आजीने बशीत ग्लिकोचा, म्हणजे पाकात मुरवलेल्या गोडाचा, एक तुकडा दिला, सोबत गार पाणी दिलं. ती कलिंगडाची साल आहे आणि पाकात घालण्याआधी चुन्याच्या पाण्यात ठेवतात, हे ऐकून तू चाट पडलीस. तू विचारलंस, आपल्याकडे पाहुण्याला असं काही देतात का, चुना पोटात गेलेला चालतो का, आणि हे आपल्याला घरी जमेल का.

पाहुण्याचं आधी सांगते. उन्हातून आलेल्या माणसाला गूळ आणि पाणी द्यायची आपली जुनी रीत आहे, गावाकडे अजून कुठेकुठे पाळतात. अल्बेनियातही तसंच. दार उघडून पाहुणा बसला की छोट्या बशीत ग्लिकोचे एक-दोन तुकडे, चमचा आणि पाण्याचा पेला येतो, मग कॉफी. ग्रीसमध्ये, सर्बियातही हीच पद्धत आहे. अल्बेनियात ग्लिकोसाठी नाव घेतात ते दक्षिणेतल्या परमेत गावाचं, व्योसा नदीकाठचं. तिथे कोवळे अक्रोड, कच्ची अंजिरं, छोटी वांगीसुद्धा पाकात मुरवतात. आपल्याकडे मोरावळा, मुरांबा असतोच, पण तो पोळीबरोबर नाहीतर औषध म्हणून. पाहुण्यासमोर पहिला येत नाही. आणि आपण साल टाकतोच असंही नाही. कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची भाजी करतात, किसून थालीपिठात घालतात. पाकात मात्र क्वचितच जाते.

चुना तर आपल्या ओळखीचाच. कोहळ्याचा पेठा चुन्याच्या निवळीशिवाय, म्हणजे चुना खाली बसल्यावर वर राहणाऱ्या नितळ पाण्याशिवाय, होत नाही. मोरावळ्याचे आवळे टोचून तुरटीच्या पाण्यात ठेवतात, तेही फळ मऊ पडू नये म्हणूनच. सालीत पेक्टिन असतं, म्हणजे तिला घट्ट बांधून ठेवणारा पदार्थ, चुन्यातलं कॅल्शियम त्याला धरून ठेवतं आणि तुकडा तासभर शिजला तरी कडा सोडत नाही. ही पायरी गाळलीस तर शेवटी पाकात लगदा मिळेल. चुना खायचा नसतोच, काम झालं की धुऊन टाकायचा असतो.

साधारण ५ किलोच्या, जाड सालीच्या कलिंगडातून किलोभर पांढरी साल निघते. वरचं हिरवं कातडं सोलाण्याने पूर्ण काढ, ते कितीही शिजवलं तरी दाताखाली येतं. आतला लाल गरही खरवडून टाक, नाहीतर पाक गढूळ होतो. तुकडे ४ सेंमी लांब, २ सेंमी रुंद कर, जाडी शक्यतो १ सेंमीच्या खाली नको.

चुना खाण्याच्या प्रतीचाच हवा, म्हणजे लोणच्याच्या बरण्या आणि सामान मिळतं तिथला. बागेत टाकायचा नको, आणि कळीचा, म्हणजे न विरवलेला चुना तर हातातही घेऊ नकोस, पाण्यात पडताच उकळतो आणि भाजतो. २ लिटर गार पाण्यात १ मोठा चमचा चुना ढवळ आणि २ तास हलवू नकोस. वरचं नितळ पाणी म्हणजे निवळी, तेवढंच ओतून घे. चुना जास्त घातला म्हणून निवळी कडक होत नाही. लिटरमागे दीड ग्रॅमच्या आसपासच विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घे, अॅल्युमिनियमला चुना खातो. हातमोजे घाल, डोळ्यांत थेंब जाऊ देऊ नकोस.

निवळीत साल ३ ते ४ तास ठेव. रात्रभर ठेवू नकोस, साल नको इतकी कडक होते. मग पाच-सहा पाण्यांनी धू आणि स्वच्छ पाण्यात अर्धा तास ठेवून पुन्हा धू. तुकडा बोटांना बुळबुळीत लागतोय तोवर चुना गेलेला नाही. त्यानंतर साध्या पाण्यात १५-२० मिनिटं उकळ. सुई आरपार गेली की चाळणीत निथळ. कच्चा राहिलेला तुकडा नंतर पाकात शिजेल या भरवशावर राहू नकोस, साखरेत तो मऊ पडत नाही.

आता खरी घाई होते ती पाकाची. १ किलो साखर आणि ४०० मिली पाणी ५ मिनिटं उकळ, साल घाल, मंद आचेवर १५ मिनिटं ठेव आणि बंद कर. रात्रभर मुरू दे. सकाळी पाक पातळ दिसेल, कारण सालीतलं पाणी बाहेर आलेलं असतं. पुन्हा १५ मिनिटं उकळ, पुन्हा ७-८ तास मुरव. तिसऱ्या वेळी मात्र शेवटपर्यंत न्यायचं. एका बैठकीत आटवायला गेलीस तर घट्ट पाक सालीतलं पाणी ओढून घेतो, साखर तेवढ्या वेगाने आत शिरत नाही, आणि तुकडे आक्रसून चिवट होतात. नीट मुरलेला तुकडा उजेडाकडे धरला तर आरपार दिसतो, मध्ये पांढरा ठिपका राहत नाही.

पाक एकतारीच्या जरा पुढे हवा. थर्मामीटर असेल तर १०५ अंश सेल्सिअस. नसेल तर गार बशीवर थेंब टाक, बशी तिरकी केल्यावर तो सावकाश, मधासारखा सरकला पाहिजे. उतरवण्याआधी ५ मिनिटं एका लिंबाचा रस घाल, त्याने साखर बरणीत परत कणीदार होत नाही. वासाला तिकडे सुगंधी जिरेनियमची दोन पानं किंवा लवंग घालतात. वेलची घातलीस तर छान लागेल, पण मग वास पेठ्याचा येईल, ग्लिकोचा नाही.

गरम असतानाच उकळून कोरड्या केलेल्या बरणीत भर, तुकडे पाकात बुडालेले हवेत. दोन-तीन दिवसांनी पाक पातळ झालेला दिसला, वास ठीक असला, तर पाक काढून पुन्हा आटव. बुडबुडे आणि आंबूस वास आला असेल तर टाकून दे. उघडलेली बरणी फ्रीजमध्ये, चमचा कोरडा.

संत्र्याच्या सालीचं करायचं झालं तर चुना लागत नाही. वरचा नारिंगी थर किसणीने अगदी हलका खरवडायचा, सालीच्या उभ्या ६-८ फाका करायच्या आणि पाणी बदलत तीनदा उकळायच्या. कडूपणा त्या पाण्याबरोबर जातो. मग एकेक फाक गुंडाळून सुईने दोऱ्यात ओवायची, म्हणजे पाकात उलगडत नाही. उकडलेल्या सालीच्या वजनाइतकीच साखर. मुरवायची रीत तीच, बरणीत भरताना दोरा काढायचा.

पहिल्यांदा कलिंगडाचंच कर. बिनबियांची छोटी कलिंगडं घेऊ नकोस, साल पातळ निघते. शुक्रवारी शाळेतून आल्यावर लगेच निवळी करायला ठेवलीस तर रात्री पहिला पाक होईल आणि शनिवारी संध्याकाळी बरणी भरेल. उकळत्या पाकाचं भांडं उतरवायला मला हाक मार.

आई