पीएस४ चालू असताना पीएस५ घ्यावा का?

प्रश्न : पीएस४ (सोनीचा प्लेस्टेशन ४ हा गेम कन्सोल) ठणठणीत आहे, डिस्कही बऱ्याच आहेत. दिवाळीत पीएस५ घ्यावा की पुढच्या पिढीच्या कन्सोलसाठी थांबावं?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : हवा असलेला खेळ पीएस४वर येतच नसेल, तर घ्या, नुसत्या सवलतीला भुलून नको. पुढच्या पिढीसाठी थांबलात, तरी ती आपल्याकडे लगेच येईल असं नाही. पीएस५ अमेरिकेत नोव्हेंबर २०२०मध्ये आला, भारतात फेब्रुवारी २०२१मध्ये.

तुमच्या डिस्क पीएस५च्या डिजिटल मॉडेलमध्ये (ज्यात डिस्क ड्राइव्ह नसतो) चालणार नाहीत. ‘स्लिम’ या नंतरच्या, बारीक डिजिटल मॉडेलला ड्राइव्ह नंतर बसवता येतो (पहिल्या जोडणीला इंटरनेट लागतं). २०२०चं जुनं डिजिटल मात्र कॉलेज रोडवर कितीही स्वस्त मिळालं तरी सोडा, त्याला ड्राइव्ह बसतच नाही. पीएस५वर पीएस४चे खेळ यूएसबी हार्ड डिस्कवरून चालतात; पीएस५चे तिथे फक्त साठवता येतात.