मध्यस्थी की शिष्टाई?

म्हापशाच्या एका शिक्षकांनी विचारलंय: म्यानमारच्या लष्करशहांचं मन वळवायची आसियानची (आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेची) जी खटपट चालते, तिला बातम्यांत सरसकट ‘मध्यस्थी’ म्हणतात, ते बरोबर का? आणि आसियानच्या २०२१च्या शिखर परिषदेला तिथल्या लष्करप्रमुखांना बोलावलं नाही, त्याला ‘बहिष्कार’ म्हणावं का?

मी शिष्टाईच्या बाजूचा. मध्यस्थ दोन्ही पक्षांना मान्य लागतो, आणि त्याला दोन्ही घरी जाता यावं लागतं. फेब्रुवारी २०२१मध्ये सत्ता बळकावलेले लष्करप्रमुख जनरल मिन आँग लाइंग एप्रिलमध्ये आसियानच्या बैठकीला जकार्ताला आले, पाच कलमांवर एकमत झालं. त्यात मध्यस्थी होतीच: विशेष दूताने सर्व पक्षांना भेटायचं, त्यांच्यात संवाद घडवायचा. दूत नेमले ब्रुनेईचे एरिवान युसुफ. पण लष्कराने सत्तेवरून हटवून अटकेत ठेवलेल्या नेत्या आँग सान सू ची यांना भेटू देणार नाही म्हटल्यावर ऑक्टोबरातला त्यांचा दौरा बारगळला. (याच सू ची २०१६मध्ये ब्रिक्स-बिमस्टेक बैठकीसाठी आपल्या गोव्यात येऊन गेल्या होत्या.) एकाच बाजूचं ऐकून परतायचं, तर मध्यस्थी कसली?

शिष्टाई म्हणजे दरबारी जाऊन चार गोष्टी सांगणं. समोरचा ऐकेल याची हमी त्या शब्दात नाही. कृष्णशिष्टाईचं काय झालं ते ठाऊकच आहे. कृष्ण पांडवांच्या वतीने गेला होता, हा आक्षेप खरा. पण वापरात ती अट आता उरलेली नाही. युतीतल्या रुसव्याफुगव्यांतही कुणाची तरी ‘शिष्टाई फळाला’ येतेच. ‘रदबदली’ मात्र वेगळी. ती दुसऱ्यासाठी शब्द टाकणं: सू चींना सोडा, ही शेजाऱ्यांची विनवणी रदबदलीत बसेल.

जाता जाता घरचं एक. भारताने १९५०मध्ये गोव्यासाठी बोलणी सुरू करा म्हटलं, तर पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारचं सरकार म्हणे, गोवा पोर्तुगालचाच भाग, बोलायचं काय? १९५३मध्ये भारताने लिस्बनची वकिलात बंद केली. तरी दर १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, कुणीतरी ‘वाटाघाटी फिसकटल्या’ लिहितोच. हस्तांतरणाच्या वाटाघाटी सुरूच झाल्या नव्हत्या, तर फिसकटतील कशा?

राहिला बहिष्कार. तो न जाणारा घालतो, न बोलावणारा नव्हे. ‘वाळीत टाकलं’ जवळचं वाटतं, पण तेही जास्तच होईल, कारण म्यानमारला बिगर-राजकीय प्रतिनिधी पाठवायची मुभा होती. ‘लष्करप्रमुखांना निमंत्रण नाही’ एवढंच लिहा.