झाडाची सावली शेड का शॅडो?

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या मुलाने आठवीच्या पेपरात "वुई सॅट इन द शॅडो ऑफ अ नीम ट्री" असं लिहिलं, सरांनी शॅडोवर लाल रेघ मारून वर शेड लिहिलं आणि अर्धा मार्क कापला. पोरगं म्हणतं डिक्शनरीत दोन्हीपुढे सावलीच दिलंय, मग माझं चुकलं कुठं?

पोराचा मुद्दा रास्त आहे ताई. पण सरांचंही बरोबर आहे. घोळ असा की आपल्याकडे सावली एकच आणि ती कोणत्या अर्थाची ते शेजारचा शब्द सांगतो. सावलीला बसलो, सावली धरून चाललो म्हटलं की ती ऊन चुकवायची जागा. माझी सावली, भिंतीवर सावली पडली म्हटलं की तो आकार. आपल्याला वेगळा शब्द लागतच नाही, म्हणून इंग्रजी लिहिताना हात अडखळतो. जागा म्हणजे शेड, आकार म्हणजे शॅडो, एवढ्यावर शंभरातली नव्वद वाक्यं निघतात.

हे मला पुस्तकात नाही, फाट्यावर नीट समजलं. मे सरत आलेला, पारोळ्याकडच्या एका फाट्यावर गाडीची वाट बघत उभा होतो. वर पत्रा नाही काही नाही, रस्त्याच्या कडेला लाइटीचा एक सिमेंटचा खांब आणि पलीकडे वावराच्या बांधावर मोठा निंब. पण निंबाखाली गेलं तर गाडीवाला आपल्याला बघणार नाही आणि निघून जाईल म्हणून आम्ही चार जण खांबाच्या सावलीत, एकामागे एक, शाळेत प्रार्थनेला उभं करतात तसे. साडेदहाला ती पट्टी चौघांना पुरत होती. गाडी काही येईना, सावली आखडत चालली, तसे आम्ही खांबाकडे सरकत गेलो आणि बारा वाजता पुढचा माणूस खांबाला चिकटलेला, बाकीचे तिघं सरळ उन्हात. शेवटी निंबाखालून एका बाबांनी हाक मारली, "आठे या रे, सावलीमा बठा."

तारीख 24-25 मे च्या आसपासची होती. आपल्या जळगाव-धुळ्याकडे त्याच दिवसांत सूर्य दुपारी साडेबाराच्या जरा आधी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणतात तो (दुसऱ्यांदा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात येतो पण तेव्हा आभाळ असतं, कोण बघतंय). आता गंमत बघा, त्या वेळी खांबाची सावली शून्य, म्हणजे शॅडो गेली. पण निंबाखालची सावली कुठं गेली? ती उलट बुंध्याभोवती गोळा होऊन बसली होती आणि आम्ही तिच्यात. म्हणून त्या दिवसाचं इंग्रजी नाव झीरो शॅडो डे आहे, झीरो शेड डे नाही. शेड शून्य झाली असती तर मे महिन्यात खान्देशात माणूस राहिला असता का!

पेपरात पारा 45 वर गेला असं येतं ते पण शेडचंच तापमान. वेधशाळेत थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात, साधारण छातीच्या उंचीवर, ऊन थेट लागू नये म्हणून. इंग्रजीत म्हणतात फोर्टीफाइव्ह इन द शेड. इथं शॅडो कोणी म्हणत नाही. वावरात जो उन्हात उभा असतो त्याचा आकडा छापूनच येत नाही, ते सोडा.

आता मूळ. हे दोन शब्द आधी एकच होते. जुन्या इंग्रजीत त्याचं साधं रूप एक आणि विभक्तीतलं रूप दुसरं, जसं आपण घोडा म्हणतो पण प्रत्यय लागला की घोड्या होतं, घोड्याला, घोड्याचा. म्हणजे व्याकरणात सामान्यरूप शिकवतात ना, तेच. साध्या रूपातून शेड आली आणि सामान्यरूपातून शॅडो. उद्या मराठीत घोडा म्हणजे जनावर आणि घोड्या म्हणजे आणखी काहीतरी असे दोन शब्द झाले तर कसं वाटेल, तसं त्यांचं झालंय. कुरणाला मेडो म्हणतात त्याचंही असंच, त्याचा जुना जोडीदार मीड आता फक्त कवितेत उरलाय.

आणि छाया-शेड ऐकायला जवळचे वाटतात म्हणून ते एकाच घरचे असं काही जण ठोकून देतात, ते नाही. छायेचा सख्खा भाऊबंद ग्रीकमधला स्किया. इंग्रजीत खारीला स्क्विरल म्हणतात त्यात तो लपलाय, मूळ अर्थ सावलीशेपटी, म्हणजे शेपटीची सावली करून बसणारी. निंबावरची खार बघा एकदा, पटेल.

शेडचा खरा नातेवाईक वेगळाच आहे. भुसावळच्या लोको शेडमधली शेड, गोठ्याचं पत्र्याचं शेड, हा इंग्रजीत वेगळ्या स्पेलिंगचा शब्द, पण तो बहुतेक सावलीवाल्या शेडचंच बदललेलं रूप धरतात. आपण देवनागरीत दोन्ही शेडच लिहितो. म्हणजे इंग्रजांनी तोडलेलं आपण न कळत परत जोडलं! साडीच्या दुकानात "यात अजून शेड दाखवा" म्हणतो ती पण मूळची तीच, चित्रात गडद भाग करतात त्यावरून रंगाच्या छटेवर आलेली.

शॅडोला मात्र थंडावा नसतो. सह्याद्रीच्या अलीकडे आपल्या साक्री-धुळ्याकडे पाऊस कमी, त्याला रेन शॅडो म्हणतात, पर्जन्यछाया. डोंगराने पाऊस अडवला, आपल्याकडे त्याचा आकार तेवढा पडला. दुष्काळाचं सावट म्हणतो तिथेही शॅडोच येणार.

तर ताई, अर्धा मार्क मागायला जाऊ नका, निंबाखाली बसले म्हणजे शेडच. "द शॅडो ऑफ द नीम ट्री फेल ऑन अवर वॉल" असतं तर सरांना रेघ मारता आली नसती. आणि आम्ही चौघं खांबाच्या त्या पट्टीत उभे होतो, तिथं इंग्रज माणूससुद्धा शॅडो ऑफ द पोलच म्हणेल, कारण सावली कसली, खांबाचा आकारच तो, आणि बसायला तर जागाच नव्हती.